रोजमेळ आणि राखण : वाचनालयातील लिनक्स संगणकजाळ्याचा इतिहास

वाचनालयाची संपत्ती म्हणजे कपाटांतील ग्रंथ, असे सामान्यतः मानले जाते. ते चुकीचे नाही. तथापि ज्यांनी एखादे वाचनालय प्रत्यक्ष चालविले आहे त्यांना ठाऊक असते की, ग्रंथांइतकीच मोलाची आणखी एक वस्तू ग्रंथपालाच्या मेजावर असते. ती म्हणजे नोंदवही. दाखल नोंदवही, सभासदांची वही, देवघेवीची वही आणि वर्गणी व अनामत रकमांचा रोजमेळ, या वह्या नसतील तर दहा हजार ग्रंथ असूनही वाचनालय नाही, केवळ ग्रंथांचा साठा आहे, असेच म्हणावे लागेल. कोणता ग्रंथ केव्हा आला, तो आज कोणाकडे आहे आणि तो परत येणार आहे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत असतात.

बेळगाव-निपाणी परिसरातील वाचनालयांच्या दृष्टीने या वह्यांना आणखी एक अर्थ आहे. १९५६ पूर्वी हा प्रदेश मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. राज्य बदलले, शिक्के बदलले, सरकारी पत्रव्यवहाराची भाषा बदलली. दाखल नोंदवहीतील क्रमांक मात्र पहिल्यापासून ओळीने चालत आले. १८४८ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून पुढे या भागात ज्या मराठी ग्रंथसंस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या सातत्याचा पुरावा या क्रमांकांत आहे.

गेल्या पाव शतकात अनेक वाचनालयांच्या या वह्या संगणकात गेल्या. एका संगणकाचे दोन झाले, दोनाचे पाच झाले, ते तारेने एकमेकांस जोडले गेले आणि मग सारे जाळे इंटरनेटला जोडले गेले. वहीला कुलूप लावणे सोपे होते. जाळ्याला कुलूप कोठे लावावयाचे, किल्ली कोणाजवळ ठेवावयाची आणि कुलूप फुटले तर ते कळणार कसे, हे प्रश्न नवे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्याचा इतिहास गेल्या साठ वर्षांचा आहे, आणि वाचनालयाच्या सभासदांना तो परका वाटू नये असाच आहे.

एका हिशेबातील फरक

आरंभीचे मोठे संगणक अतिशय महाग असत आणि एकाच यंत्रावर अनेकांना काम करावे लागे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अशी सामायिक व्यवस्था सुरू झाली, तेव्हा एकाचे कागद दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. आज घरोघरी पोहोचलेला पासवर्ड तो हाच. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली जन्मास आली. अनेक वापरकर्ते असणार हे गृहीत धरूनच तिची रचना झाली होती. प्रत्येक वापरकर्त्याचे खाते वेगळे, प्रत्येक दप्तराचा मालक ठरलेला आणि ते कोणी वाचावे, कोणी बदलावे याचे नियम दप्तराबरोबरच नोंदलेले, अशी ती व्यवस्था होती. सर्व नियमांच्या वर असलेल्या एकमेव खात्याला ‘रूट’ म्हणतात. वाचनालयाच्या भाषेत सांगायचे तर सर्व कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्याजवळ असतो.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणकांची व्यवस्था पाहण्याचे काम आले. संगणक वापरण्याच्या वेळेनुसार प्रत्येक खात्याकडून पैसे आकारले जात. त्या महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा, फरक येत होता. एवढा क्षुल्लक फरक कोणीही किरकोळ खर्चात टाकला असता. स्टॉल यांनी तसे केले नाही. फरकाचा माग काढता काढता त्यांना आढळले की, कोणी अपरिचित माणूस दुसऱ्याच्या खात्यातून संगणकात शिरत आहे आणि तेथून अमेरिकेतील लष्करी संगणकांचे दरवाजे ठोठावत आहे. त्यांनी त्याला हाकलले नाही. त्याने टंकलेले प्रत्येक अक्षर छापून निघेल अशी व्यवस्था करून आणि रोजची टिपणवही ठेवून त्यांनी महिनोन्महिने पाळत ठेवली. शेवटी हा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर येथील मार्कुस हेस याच्यापर्यंत पोहोचला. तो मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत असल्याचे निष्पन्न झाले.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतील दिवाणजींना स्टॉल यांची ही वृत्ती नवी वाटली नसती. रोजमेळात पैचा फरक आला तर तो शोधल्यावाचून वही मिटायची नाही, ही व्यापारी पेढ्यांची जुनी शिस्त आहे. पैच्या किमतीसाठी ती पाळली जात नाही. पैचा फरक हा कोठेतरी झालेल्या मोठ्या चुकीचा किंवा लबाडीचा दृश्य भाग असू शकतो, म्हणून ती पाळली जाते.

या प्रकरणातील आणखी एक तपशील येथे नमूद केला पाहिजे. तो चोर ज्या फटीतून रूटच्या अधिकारापर्यंत पोहोचला ती ईमॅक्स या लोकप्रिय लेखन-आज्ञावलीतील एका छोट्या कार्यक्रमात होती. टपाल एका जागेहून दुसऱ्या जागी हलविण्याचे साधे काम त्याच्याकडे होते. पण त्या संगणकावर त्याला सर्वाधिकार देऊन ठेवण्यात आले होते. कामापुरता अधिकार, त्याहून अधिक नाही, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडले होते. शिपायाला तिजोरीची किल्ली देऊ नये, ही गोष्ट कोणत्याही संस्थेच्या कार्यकारिणीला सांगावी लागत नाही. संगणकाच्या बाबतीत ती वारंवार सांगावी लागते.

सोपे शब्द, उघडी पत्रे

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने लिहिलेली एक आज्ञावली एका संगणकाहून दुसऱ्या संगणकावर आपोआप पसरत गेली आणि त्या वेळच्या छोट्याशा इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प झाले. पसरण्यासाठी तिने योजलेल्या उपायांपैकी एक अगदी साधा होता. तिच्यात ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी होती आणि ती एकेक शब्द पासवर्ड म्हणून लावून पाहत असे. शिवाय वापरकर्त्याचे नाव आणि तेच नाव उलट लिहून पाहणेही होतेच. योगायोग असा की, लोक किती सोपे पासवर्ड निवडतात हे दाखविणारा १९७९ चा प्रसिद्ध निबंध ज्या दोघांनी लिहिला, त्यांतील रॉबर्ट मॉरिस हे या विद्यार्थ्याचे वडील. वडिलांनी दाखविलेली फट नऊ वर्षांनंतरही बुजलेली नव्हती. या घटनेनंतर त्याच महिन्यात अमेरिकेत संगणक-संकटांना तोंड देणारे पहिले मध्यवर्ती पथक स्थापन झाले. भारतात अशी राष्ट्रीय संस्था, सर्ट-इन, २००४ मध्ये सुरू झाली.

दुसरी अडचण पत्रव्यवहाराची होती. दूरच्या संगणकावर काम करताना पासवर्ड तारेतून जसाच्या तसा, पोस्टकार्डावरील मजकुरासारखा, जात असे. वाटेत कोणीही तो वाचू शके. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला, तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने ‘एसएसएच’ ही व्यवस्था तयार केली. तिच्यात सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो. १९९९ च्या अखेरीस तिची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, उपलब्ध झाली आणि आज जगातील बहुतेक सर्व्हरांची दूरस्थ देखभाल तिच्याच आधारे चालते. तिच्यात पासवर्डाऐवजी किल्लीची जोडी वापरता येते. एक अर्धी सर्व्हरवर असते. दुसरी व्यवस्थापकाच्या संगणकातून कधीही बाहेर जात नाही. जी गोष्ट तारेतून जातच नाही ती तारेवर चोरता येत नाही.

लिनक्सचे आगमन

याच हेलसिंकी शहरातील विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक छोटी कार्यप्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरची बहुतेक अवजारे तयार ठेवली होती. गाभा तेवढा नव्हता. टोरवाल्ड्स यांनी १९९२ मध्ये आपला गाभा ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला आणि दोहोंचा संयोग झाला. या परवान्याचा आशय असा की, मूळ आज्ञावली कोणीही पाहावी, वापरावी, बदलावी आणि वाटावी. मात्र पुढे देताना घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यावेत.

मूळ आज्ञावली सर्वांसाठी उघडी असेल तर चोराला कुलपाची रचनाच दाखविल्यासारखे होत नाही काय, ही शंका जाणती माणसेही घेतात. तिचे उत्तर संगणकाहून जुने आहे. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, संकेतलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. कुलपाची रचना झाकून ठेवल्याने मिळणारी सुरक्षितता एखादा कारागीर फुटेपर्यंतच टिकते. उघड्या रचनेतील दोष अनेक डोळ्यांना दिसू शकतात. मात्र दिसू शकतात म्हणजे दिसतातच असे नाही, आणि या भेदाकडे पुढे वळावे लागेल.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय १९९८ मध्ये झाले. २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरले. त्याच वर्षाच्या ३ जानेवारीला न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या लहानशा ग्रामीण भागातील ग्रंथालयांत ‘कोहा’ नावाची ग्रंथालय-आज्ञावली कामास लागली. तेथील जुनी संगणकव्यवस्था नव्या शतकातील तारखा हाताळू शकत नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी ग्रंथालय न्यासाने ती घडवून घेतली आणि मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट. जिच्या बदल्यात पुढे काही परत करावे अशी जाणीव ठेवून दिलेली भेट. आज ती लिनक्सवर चालते आणि भारतातील अनेक ग्रंथालयांत वापरात आहे.

सीमाभागातील वाचनालयांना ही भेट विशेष उपयोगी पडावी अशी परिस्थिती आहे. कर्नाटकाचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा. त्यात ग्रंथालय-उपकर आणि त्यावर चालणारी सरकारी ग्रंथालये यांवर भर आहे. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना वर्गवारीने अनुदान आहे. लोकाश्रयावर वाढलेल्या मराठी वाचनालयांना सामावणारी ही दुसरी पद्धत राज्याच्या हद्दीपाशी थांबते. निपाणीचे विद्यार्थी ज्या देवचंद महाविद्यालयात जातात ते अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात येते; गावालगतच कायदा बदलतो. सभासदांच्या वर्गणीवर आणि आश्रयदात्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला दरवर्षी परवाना-शुल्क भरणे जड जाते, आणि ते थकले की स्वतःच्याच ग्रंथसूचीपुढे दार बंद होण्याची शक्यता राहते. मुक्त सॉफ्टवेअर हे संकट टाळते.

शेजारच्या गोव्याचा अनुभव येथे उपयोगी आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक गोव्यातील शाळांसाठी आणण्यात आले आणि त्यांवर लिनक्स बसविण्यात आले. जुन्या यंत्रांवर लिनक्स चालविण्याची एक पद्धत याच सुमारास रूढ झाली होती. एकच चांगला सर्व्हर ठेवावयाचा आणि बाकीच्या जुन्या संगणकांनी त्याच्याकडूनच सारे काम करून घ्यावयाचे. तिचा मोठा लाभ राखणदारीत आहे. दहा ठिकाणी पहारा ठेवण्याऐवजी एकाच ठिकाणी ठेवला की पुरते.

अक्षरांची कैद

चोरी केवळ बाहेरचाच करतो असे नाही. मराठी ग्रंथसूचींचे नुकसान चोरांपेक्षा टंकांनी अधिक केले. १९९० च्या दशकात देवनागरी अक्षरजुळणीसाठी जी सॉफ्टवेअरे प्रचारात आली, त्यांतील प्रत्येकाचा अक्षरसंकेत वेगळा होता. एका टंकात भरलेली सूची तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की, अर्थहीन चिन्हांच्या ओळी दिसत. यंत्र बिघडले, टंकाची चकती हरवली किंवा विक्रेत्याने धंदा बंद केला तर वर्षानुवर्षांची मेहनत जागच्या जागी अवाच्य होऊन पडे.

भारतीय लिप्यांचा इस्की हा सामायिक संकेत १९८८ मध्ये सिद्ध झाला आणि त्याच्याच आधारे १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले. मराठीची सारी गरज एकदम भागली असेही नाही. ‘ॲ’ या अक्षराला त्याचे स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. लिनक्समध्ये युनिकोड मुळापासून स्वीकारले गेल्याने आज एकाच सूचीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी ग्रंथ आपापल्या लिपीत नांदू शकतात. सीमाभागातील वाचनालयाला याहून स्वाभाविक गोष्ट नाही. म्हणून राखणीचा पहिला नियम कुलपाचा नाही. नोंदी अशा रूपात असाव्यात की त्या उद्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राला वाचता येतील. ग्रंथसूचीसाठी मार्क हा जागतिक साचा १९६० च्या दशकापासून रूढ आहे. युनिकोड अक्षरांत आणि मार्क साच्यात ठेवलेली सूची कोणाही एका विक्रेत्याची ओलीस राहत नाही.

लहान जाळ्याची व्यवस्था

देवघेवीच्या मेजावर एक संगणक, कार्यालयात हिशेबाचा एक, वाचकांनी सूची पाहावी म्हणून दालनात दोन, एका कोपऱ्यात सर्व्हर, आणि बाहेरची तार जेथे येते तेथे राउटर, असे सामान्यतः वाचनालयाचे जाळे असते. त्याची राखण पुढील गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट खात्यांची. देवघेव पाहणाऱ्याचे खाते वेगळे, हिशेबनिसाचे वेगळे, आणि रूटचा अधिकार केवळ आवश्यक त्या क्षणी. एकच पासवर्ड सर्वांना ठाऊक असणे म्हणजे कोणीच जबाबदार नसणे होय. कर्मचारी सेवानिवृत्त झाला की त्याच्याकडून कपाटाच्या किल्ल्या घेतल्या जातात, त्याच दिवशी त्याचे खातेही बंद व्हावयास हवे.

दुसरी गोष्ट दारांची. लिनक्सच्या गाभ्यातच येणाऱ्याजाणाऱ्या मजकुराची झडती घेणारी चौकी आहे. २००१ पासून आयपीटेबल्स आणि २०१४ पासून एनएफटेबल्स या अवजारांनी तिचे नियम लिहिले जातात. नियमाचे सूत्र एकच आहे: सर्व दारे बंद, आणि ज्याचे कारण सांगता येईल तेवढेच दार उघडे. वाचकांना दिलेले वाय-फाय हे कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्णपणे अलग असावे. वाचनकक्षाच्या दारातून हिशेबाच्या खोलीत जाता येऊ नये, इतकी ती साधी गोष्ट आहे. कोगनोळीच्या नाक्यावर दिसणारी राज्याची सीमा या मजकुराला दिसत नाही, आणि चोरालाही दिसत नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांतील बहुतेक लिनक्सवरच चालत होते. त्यांचे कारखान्यात घातलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. मिराईजवळ अशा साठ-बासष्ट जोड्यांची यादी तेवढी होती. लिनक्स बसविले म्हणजे सुरक्षितता आली, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नको.

तिसरी गोष्ट डागडुजीची. दोष सापडतात, त्यांच्या दुरुस्त्या प्रसिद्ध होतात, आणि दुरुस्ती प्रसिद्ध झाली की दोषही जगजाहीर होतो. म्हणून डेबियनसारख्या संचाची स्थिर आवृत्ती निवडून तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या नियमाने घेतल्या पाहिजेत. नवेपणाचा हव्यास वाचनालयाच्या सर्व्हरला शोभत नाही.

चौथी गोष्ट प्रतीची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. बेळगाव जिल्ह्यातील कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठच्या गावांत पाणी शिरले. अशा प्रदेशात नोंदींची एकमेव प्रत एकाच इमारतीत ठेवणे धोक्याचे आहे. पन्नास हजार ग्रंथांची सूची शे-दीडशे मेगाबाइटांत मावते. नखाएवढ्या कार्डावर ती सहज बसते. तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा रूढ नियम आहे. निपाणीची सांकेतिक प्रत बेळगावात आणि बेळगावची निपाणीत ठेवावी, इतके ते सोपे आहे. मात्र प्रत ठेवणे पुरेसे नाही. ती उघडून, रिकाम्या यंत्रावर उतरवून पाहिली असेल तरच ती प्रत होय.

पाचवी गोष्ट वाचकाच्या विश्वासाची. कोणी कोणते पुस्तक नेले ही वाचक आणि वाचनालय यांच्यातील खासगी बाब आहे. पुस्तक परत आल्यावर जुन्या देवघेवीतून वाचकाचे नाव पुसून टाकण्याची सोय कोहामध्ये आहे. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. ग्रंथपालांची परंपरा त्याहून जुनी आहे. जी नोंद ठेवलीच नाही ती चोरीस जात नाही.

दोन ग्रंथालयांवरील आघात

वाचनालयावर कोण कशाला हल्ला करील, असा प्रश्न सहज मनात येतो. २८ ऑक्टोबर २०२३ या एकाच दिवशी लंडनची ब्रिटिश लायब्ररी आणि कॅनडातील टोरंटो सार्वजनिक ग्रंथालय या दोन्ही संस्थांत खंडणीखोरांच्या आक्रमणाने व्यवहार बंद पडले. लंडनमध्ये सुमारे ६०० गिगाबाइट माहिती पळविण्यात आली आणि सर्व्हर नष्ट करण्यात आले. कोट्यवधी नोंदींची ग्रंथसूची १५ जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना पाहता आली नाही, आणि ती परतली तेव्हाही केवळ शोधण्यापुरती होती. टोरंटोत परत आलेली सुमारे दहा लाख पुस्तके नोंद करता येत नसल्याने मालवाहू गाड्यांत भरून ठेवावी लागली. ग्रंथ होते, वाचक होते. नोंदवही तेवढी नव्हती.

ब्रिटिश लायब्ररीने मार्च २०२४ मध्ये आपल्या चुकांचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला, हे त्या संस्थेला भूषणावह आहे. बाहेरच्या कंत्राटदारांना दुरून काम करता यावे म्हणून ठेवलेल्या एका सर्व्हरवर पासवर्डखेरीज दुसरा पडताळा नव्हता. चोर बहुधा तेथूनच शिरले. जुनाट यंत्रणा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या, परंतु त्या उतरवून घ्यायला चालू यंत्रेच उरली नव्हती. मोठ्या संस्थेचे हे तीनही धडे पाच संगणकांच्या जाळ्याला जसेच्या तसे लागू पडतात.

अर्ध्या सेकंदाचा फरक

अनेक डोळ्यांना दोष दिसू शकतात, पण दिसतातच असे नाही, असे वर म्हटले आहे. त्याची कसोटी २०२४ मध्ये लागली. लिनक्समध्ये सर्वत्र वापरले जाणारे ‘एक्सझेड’ हे दप्तरे लहान करण्याचे साधन एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळीत होता. टोपणनावाने आलेल्या एका मदतनिसाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळविला आणि मग त्यात चोरवाट घातली. त्या वाटेने एसएसएचचे दार उघडता आले असते. हजारो डोळ्यांसमोरून ती गेली.

ती सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. निराळ्याच कामासाठी मोजमाप घेत असता एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनीही तो फरक सोडून दिला नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी चोरवाट उघडकीस आणली, तेव्हा ती अद्याप चाचणीच्या आवृत्त्यांपलीकडे फारशी पोहोचली नव्हती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीवाले सुरक्षित राहिले. मूळ आज्ञावली उघडी होती म्हणून फ्रॉइंड यांना खोलवर जाता आले, हे खरे. पण उघडेपणाने त्यांना बोलावले नव्हते. त्यांना बोलावले ते न जुळणाऱ्या आकड्याने.

१९८६ चा पाऊण डॉलर आणि २०२४ चा अर्धा सेकंद यांच्यामध्ये संगणकविद्येचे सारे रूप पालटले; राखणदाराचे काम तेच राहिले. कुलपे, चौक्या आणि किल्ल्या आवश्यक आहेत, पण त्या सर्वांनंतरही कोणीतरी रोज नोंद पाहावी लागते. लिनक्स प्रत्येक घडामोडीची नोंद स्वतः लिहून ठेवते: कोण आले, कोठून आले, किती वेळा दार वाजविले. ती वाचली गेली नाही तर ती रद्दीच्या किमतीची ठरते. वाचनालयाच्या अंदाजपत्रकात नव्या यंत्रासाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते. ती नोंद वाचणाऱ्या माणसाच्या वेतनासाठी आणि शिक्षणासाठी मिळणे कठीण. मुक्त सॉफ्टवेअरमुळे वाचणारे परवाना-शुल्क या माणसावर खर्च व्हावे, यातच त्या भेटीची परतफेड आहे. शिक्षणाची साधने आता मराठीतही आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून विनामूल्य ऐकता येतात.

जुन्या वाचनालयांत ठरावीक काळाने ग्रंथपडताळणी होते. काही दिवस देवघेव बंद राहते, कपाटे उघडली जातात, एकजण दाखल क्रमांक वाचतो आणि दुसरा वहीत खूण करतो. सभासदांची त्या दिवसांत थोडी गैरसोय होते, आणि ते ती सोसतात, कारण पडताळणी झाली नाही तर वाचनालय हळूहळू रिते होत जाते हे त्यांना ठाऊक असते. शंभर वर्षे ही शिस्त पाळलेल्या संस्थेला संगणकजाळ्याची राखण परकी नाही. पडताळणीच्या त्या दिवसांत आणखी एक काम जोडावे लागेल: दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत मागवून ती रिकाम्या यंत्रावर उतरवावी, आणि शेवटचा दाखल क्रमांक वहीतील क्रमांकाशी जुळतो की नाही ते पाहावे.